शब्दचर्चा : पाइप ‘ठासायचा’ की ‘भरायचा’?

प्रश्न
पाइपच्या तंबाखूवर नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. सिगारेटचे शब्द इथे पुरत नाहीत. अडलेल्या जागा अशा: वाटीत तंबाखू भरणं, मधूनमधून राख खाली बसवणं, तळाशी उरणारा ओलसर गोळा, वाटीच्या आत धरणारा कोळशाचा थर आणि जिभेची ती आग. ‘टँपिंग, डॉटल, केक, टंग बाइट’ लिहून वेळ निभावते, पण वाचणाऱ्याच्या हाताला त्यातून काही कळत नाही.

प्रतिसाद १
‘ठासणे’ आधी खोडा. ठासतात ती बंदुकीत दारू, आणि नवशिके पाइपमध्ये नेमकं तेच करतात. ठासलेल्या वाटीतून हवा जात नाही, मग गाल आत जाईपर्यंत ओढावं लागतं, निखारा तापतो आणि गरम वाफ थेट जिभेवर येते.

भरण्याच्या तीन पायऱ्या आहेत, म्हणून क्रियापदंही तीन घ्या. पहिली चिमूट वाटीत नुसती ‘सोडायची’, काठापर्यंत, आणि बोटाने अर्ध्यापर्यंत येईल इतकीच खाली करायची. दुसरी पुन्हा काठापर्यंत, ती जरा जोर लावून पाऊण वाटीपर्यंत ‘बसवायची’. तिसरी शीग लावून घ्यायची आणि काठाच्या २-३ मिलिमीटर खाली ‘चेपायची’. युरोपात हेच ‘आधी मुलाच्या हाताने, मग बाईच्या, मग पुरुषाच्या’ असं सांगतात. पेटवण्याआधी एकदा रिकामी ओढून बघा. नळीने पन्हं पिताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. जास्त लागला तर सगळं उकरून पुन्हा भरा, वरून टोचण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २
पेटवण्यालाही दोन शब्द हवेत. पहिल्या काडीला तंबाखू पेटत नाही, ‘होरपळते’ आणि फुगून काठाच्या वर येते. ती हलकेच सपाट करून दुसरी काडी लावायची, ते खरं ‘पेटवणे’. काडीचा गुल पुरता जळून जाऊ द्यावा, नाहीतर पहिल्या झुरक्यात गंधक येतं. ज्योत गोल फिरवायची. एकाच जागी धरली तर वाटीचा काठ काळा पडतो.

टँपिंगला ‘दाबणे’ नको, ‘थोपटणे’ म्हणा. टँपरच्या, म्हणजे राख बसवायच्या चपट्या दांडीच्या, स्वतःच्या वजनाएवढाच भार पुरतो. राख सैल झाली की निखारा खालच्या पानापासून सुटतो आणि पाइप विझतो. थोपटायचं ते त्यांना पुन्हा टेकवायला.

प्रतिसाद ३
ओलाव्यासाठी शेतातला शब्द तयार आहे: वाफसा. मूठभर माती आवळून सोडली की ढेकूळ न राहता मोकळी होते, तसंच चिमटीत दाबलेली तंबाखू सोडल्यावर हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ती ‘सर्दावलेली’, आणि कुरकुरली तर सुकलेली. सर्दावलेली सारखी विझते आणि नळीत पाणी गुडगुडतं. डब्यातून काढलेली तंबाखू बऱ्याचदा वाफशापेक्षा ओली असते, अर्धा तास कागदावर पसरून ठेवावी. सुकलेली भराभर जळते आणि तोंड भाजते.

पट्ट्यांच्या तंबाखूला, म्हणजे फ्लेकला, ‘मळणे’ कृपया लिहू नका. मळली की चुरा होतो, आणि चुरा तळाचं भोक बुजवतो. पट्टी तळव्यांत हलकेच चोळून ‘मोकळी करणे’ बरोबर, भात मोकळा करतो तशी.

प्रतिसाद ४
प्रकारांच्या नावांत एक गफलत सर्रास होते. व्हर्जिनिया आणि बर्ली ही पानं आहेत. कॅव्हेंडिश हे पान नव्हे, प्रक्रिया आहे. वाफ आणि दाब देऊन पान गडद आणि मऊ करतात, आणि वर बहुधा गोड वास चढवतात. म्हणून ‘कॅव्हेंडिशचं पान’ चूक, ‘कॅव्हेंडिश केलेलं पान’ बरोबर.

लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याच्या पेरिक तंबाखूसाठी ‘आंबवलेली’पेक्षा ‘मुरवलेली’ जास्त जुळतं. लाकडी पिंपात दाबाखाली, स्वतःच्याच रसात ती वर्षभर राहते. लोणच्याहून वेगळं काय? नुसती कोणी सहसा ओढत नाही, व्हर्जिनियात थोडी घालतात. लटाकिया धुरावर सुकवतात. नाव सीरियातल्या बंदराचं, आजचा माल मुख्यतः सायप्रसचा. तिचा वास लाकडात मुरतो आणि पुढच्या दहा वाट्या तोच येतो, म्हणून तिला पाइप वेगळा ठेवावा.

प्रतिसाद ५
जिभेच्या आगीसाठी दोन शब्द ठेवा, कारण कारणं दोन आहेत. व्हर्जिनिया भट्टीच्या गरम हवेत सुकवतात, साखर पानात शिल्लक राहते. घाईने ओढली की ती तापते आणि जीभ ‘पोळते’. उपाय म्हणजे सावकाश ओढणं. बर्ली छपराखाली वाऱ्यावर सुकते, साखर जवळजवळ उरत नाही आणि धूर अल्कधर्मी होतो. तिथे जीभ ‘भाजते’, विड्यात चुना जास्त झाल्यावर भाजते तशी, आणि चुनाही अल्कधर्मीच. इथे सावकाश ओढून पुरत नाही, मिश्रण बदलावं लागतं. ‘तोंड आलं’ मात्र लिहू नका, तो वेगळा आजार.

प्रतिसाद ६
डॉटलला ‘गुल’ म्हणा. चिलमीत जळून उरलेल्या गोळ्याचं हेच नाव आहे. वर काडीच्या टोकाला गुल म्हटलंय, आणि दिव्याच्या वातीच्या जळक्या टोकालाही म्हणतात, त्यामुळे ‘पाइपमधला गुल’ असं एकदा स्पष्ट करा. गुल ओलाच राहत असेल तर तंबाखूला वाफसा नव्हता.

केकला ‘काजळी’ पटत नाही, काजळी बोटाला लागते. दुधाच्या पातेल्याची ‘खरवड’ घ्या, भांड्याला धरलेली, खरवडून निघणारी. ब्रायरचं, म्हणजे पाइप ज्याचा करतात ते, लाकूड जळू नये म्हणून ती हवीच, पण १ ते १.५ मिलिमीटरच. जाड झाली तर तापून फुगते आणि वाटीला तडा जातो. नळीत साचतं ते ‘कीट’. ते दर वाटीनंतर पाइप क्लीनरने, म्हणजे सूत गुंडाळलेल्या लवचिक तारेने, काढावं, पण पाइप गार झाल्यावरच. गरम असताना नळी उपसली तर सांधा ढिला होतो, कधी देठ चिरतो.

प्रतिसाद ७
एक राहिलं: ‘दम मारणे’ चिलमीचं, ते छातीत जातं. पाइपला ‘झुरका’ घ्या, धूर तोंडातच फिरवून सोडायचा. निकोटीन तोंडातूनच शोषलं जातं. जास्त झालं तर उचकी, घाम, मळमळ. छातीत घेत नाही म्हणून तोंडाचा कर्करोग टळत नाही, हे टिपणात असू द्या.

आणि ‘विड्या फुंकतो’मधलं ‘फुंकणे’ आपण हिणवायला वापरतो, पण पाइपमध्ये ते तंत्र आहे. दोन झुरक्यांच्या मध्ये नळीतून अगदी हलकी फुंकर घातली की निखारा जागा राहतो. साधारण २०-२५ सेकंदांनी एक झुरका. गालाला वाटीचा स्पर्श सोसत नसेल तर पाइप खाली ठेवा, विझू द्या, पाच मिनिटांनी पुन्हा पेटवा.

प्रश्नकर्ता
‘खरवड’, ‘वाफसा’ आणि ‘थोपटणे’ घेतले. तंबाखूचं लिंग टिपणात स्त्रीलिंगीच ठेवतो. बोलण्यात दोन्ही चालतात.