जमीनच नाही तिथं ‘चितपट’ कसं?

रंकाळाकाठ: अंतराळस्थानकात कुस्त्या होतात अशा एका विज्ञान कादंबरीचा अनुवाद करतोय. वजनरहित अवस्थेत दोन मल्ल भिडतात. समोरच्याचे दोन्ही खांदे कुठल्याही भिंतीला तीन सेकंद टेकवून धरले की जिंकला. मी सरळ ‘चितपट केलं’ लिहिलं. परवा मामांना ते पान वाचून दाखवलं. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. म्हणाले, “पाठीखाली माती न्हाई, वर आभाळ न्हाई, मग चितपट कसला? भिंतीला दाबला म्हण.” तेव्हापासून अडलोय. ‘अस्मान दाखवलं’ही बसत नाही, तिथं चहूकडं अस्मानच. काय करू?

शब्दवेडी: चितपटच ठेवा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते गादीवर, मातीत नव्हे. आज गादीवरच्या कुस्तीतही आपण चितपटच म्हणतो. शब्द मातीतून गादीवर आला, तसा भिंतीवरही जाईल.

लाल माती: गादी असली तरी ती खाली असते, ताई. चित म्हणजे तोंड वर. वर-खालीच नसेल तर चित कोण आणि पालथा कोण? मामा बरोबर बोलले. लहानपणी कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात वडील मला अगदी वरच्या पायरीवर बसवायचे. तिथनं डाव नीट दिसायचा नाही, पण पैलवान उठला की आधी त्याची पाठ बघायची. तांबडी माती लागलेली दिसली की निकाल कळला. ‘त्याच्या पाठीला कधी माती लागली न्हाई’ असं आम्ही अजून म्हणतो. तो पुरावा अंतराळात कुठनं आणणार?

निरुक्त: अस्मान फारसी आहे, ते टाळाच. पाठीवर पडलेल्याला संस्कृतात नेमका शब्द आहे, ‘उत्तान’. उत्तान केलं म्हणा.

शब्दवेडी: आजचा वाचक ‘उत्तान’चा अर्थ भलताच लावेल, प्रसंग वाया जाईल. आणि फारसी-अरबी काढायचीच तर कुस्ती, पैलवान, वस्ताद, तालीम सगळं काढावं लागेल. जोरसुद्धा फारसी. बैठका तेवढ्या उरतील.

निरुक्त: मल्ल, मल्लयुद्ध, बाहुयुद्ध हे शब्द आपल्याकडं होतेच. विसरलो तो दोष आपला.

लाल माती: गंगावेशीच्या तालमीत जाऊन ‘बाहुयुद्ध कधी हाय?’ विचारून बघा.

भौतिकी: ‘वजनरहित’ लिहिलंत, ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ नाही, हे बरं केलंत. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि माणसं सोबतच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. माझी शंका वेगळी. समोरच्याला भिंतीवर ढकललं की ढकलणारा उलट दिशेला जाणार. पाय अडकवायला कडी नसेल तर तीन सेकंद दाबून धरणार कसा?

लाल माती: म्हणजे आधी मोळी बांधायला पाहिजे. सोडला की दोघंही गेले. वजन टाकून करायचे डाव तिथं चालायचे नाहीत, घिस्सा तर नाहीच.

रंकाळाकाठ: मूळ लेखकानं भिंतीला कड्या दिल्यात. पण शब्द?

शब्दवेडी: ‘चितपट’मधला पट हा ‘पट काढणे’तलाच असणार. पाय ओढून पाडला म्हणून.

निरुक्त: मुळीच नाही. हिंदीत नाण्याला चित आणि पट म्हणतात, पट म्हणजे पालथा.

शब्दवेडी: मग चितपट म्हणजे उताणाही आणि पालथाही? कुस्ती कोण जिंकला?

लाल माती: वस्ताद एकेरी पट, दुहेरी पट शिकवायचे तेव्हा हात मांडीला घालायला लावायचे. पट म्हणजे मांडी, एवढंच मला ठाऊक.

रंकाळाकाठ: तूर्त ‘भिंतीला पाठ लावली’ लिहिलंय. मामांना अजून दाखवलं नाही. आता पुढच्याच पानावर मल्ल आत येतात. गोल, बंद खोली आहे, तळ नाही. ‘हौद्यात उतरला’ लिहू का?

लाल माती: हौदा हौदावरनं आला. माती भरायला खड्डा घेतलेला असतो. खड्डा हाय का तिथं?

निरुक्त: हत्तीवरचा हौदा विसरलात.