केळीसाठी जांभा जमीन बरी की खाडीकाठची माती?

प्रश्न (गुहागर): घरामागे जांभ्याची (लालसर, सच्छिद्र दगडाची) वरकस, म्हणजे उंचावरची हलकी जमीन असून खाली खाडीच्या बाजूला काळसर, खोल मातीचा तुकडा आहे. वेलची केळी लावण्यासाठी कोणती जागा निवडावी?

उत्तर (वेंगुर्ले): उन्हाळ्यात खाली खारे पाणी चढते का, हे आधी पाहावे, कारण केळीला क्षार सोसत नाहीत आणि पानांच्या कडा करपू लागतात. पावसाळ्यात तेथे पाणी साचत असेल, तर तो तुकडा विसरावा, मुळे कुजतात.

उत्तर (दापोली): माझे मत जांभ्याच्या बाजूने आहे. निचरा उत्तम असतो. मात्र ही माती आम्लधर्मी असते आणि केळीला ज्याची सर्वाधिक गरज असते, तो पालाश (पोटॅश) आपल्याकडच्या धुवाधार पावसात झपाट्याने वाहून जातो. सामू (pH, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) साधारण ६ ते ७.५ असावा, म्हणून माती परीक्षण करून आवश्यक तेवढा चुना लागवडीपूर्वीच मिसळावा. हातभर खोलीवरच कातळ लागत असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे.

प्रश्नकर्ता: कातळ कमरेपेक्षा खाली आहे. खड्डे केवढे घ्यावेत?

उत्तर (दापोली): लांबी, रुंदी, खोली ६० सेंटीमीटर पुरे, कुजलेले शेणखत भरपूर घालावे आणि पालाश एकदम न देता हप्त्यांनी द्यावा.