विषय: दुबईतली शिक्षकाची नोकरी करार संपण्याआधी सोडताना

'सुट्टीत भारतात जायचं आणि परतायचंच नाही' असा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. सलग सात दिवसांहून जास्त न कळवता गैरहजर राहिलात तर शाळा फरार म्हणून तक्रार करू शकते. मग पुढचा वर्क परमिट अडतो.

राजीनामा लेखीच द्या, ईमेलने, तारखेसकट. नोटीस करारात असेल तेवढी, ३० ते ९० दिवस. प्रोबेशनमध्ये देश सोडणार असाल तर १४ दिवस पुरतात. नोटीस न पाळल्यास तेवढ्या दिवसांचा पगार भरावा लागतो. मात्र भरतीचा खर्च शाळेने तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे, तिथे ठाम राहा.

वर्ष पूर्ण झालं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. सगळा हिशेब १४ दिवसांत मिळायला हवा. पैसे खात्यात दिसेपर्यंत 'सर्व मिळाले' या कागदावर सही नको. क्रेडिट कार्ड, कर्ज आधी मिटवा, नाहीतर बँक शेवटची रक्कम अडवू शकते.