ढेकूण फक्त गादीत नसतात
गादी गच्चीवर उन्हात टाकली की काम झालं, असा ढेकणांवरचा उपाय सांगतात, तो मला अर्धाच पटला. लालबागच्या चाळीत आमच्याकडे ढेकूण पलंगाच्या सांध्यांत, कॅलेंडरमागे, चक्क स्विचबोर्डातही निघाले. चादरी-अभ्रे कडक गरम पाण्यात धुणं मात्र खरंच उपयोगी, तेवढं घरीच करा. (रॉकेलचा सल्ला कृपा करून नको, आमचे जिने लाकडी आहेत.)

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर दुसऱ्या फेरीचं आधीच ठरवून घ्या. फवारणीने अंडी सहसा मरत नाहीत, ८-१० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आम्ही पैसे वाचवायला दुसरी फेरी टाळली, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या दोन्ही खोल्यांसकट एकाच दिवशी फवारणी केली, तेव्हा कुठे सुटलो.