मुलाखतीला न येणारी मुलं आणि न कळवणारी हॉटेलं

घाटावरचा_कॉमी
महाबळेश्वरच्या एका हॉटेलमालकांची पोस्ट सकाळपासून फिरतेय. दिवाळीच्या सीझनसाठी स्टुअर्ड आणि हाउसकीपिंगची मुलं बोलावली, बहुतेक आलीच नाहीत, फोनही उचलले नाहीत. 'आजकालच्या पोरांना साधं सौजन्य नाही' असं त्यांचं म्हणणं. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. जाहिरातीत पगार 'चर्चेनुसार'. ड्यूटी नऊ तासांची सांगायची आणि ब्रेक शिफ्ट लावायची: अकरा ते तीन, परत सात ते बारा. मधले चार तास मुलाने काढायचे कुठे? साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्याला रिसेप्शनपाशी ताटकळत ठेवायचं, पाणी विचारायचं नाही आणि शेवटी 'कळवतो' म्हणायचं. तो निरोप कधी येत नाही. नकाराचाही नाही.

पाचगणी_लॉज
एकाच बाजूने बोलू नका. माझं हॉटेल छोटं, एचआर वगैरे काही नाही, मुलाखत मीच घेतो. मुलगा 'उद्या जॉइन होतो सर' म्हणतो, त्याच्या भरवशावर मी दुसऱ्याला नाही सांगतो, स्टाफ रूममध्ये कॉट टाकून ठेवतो. साखरपुड्याची पार्टी तोंडावर आणि याचा फोन बंद! मग मी आणि बायको प्लेटा उचलतो. पगार पटला नाही तर तोंडावर सांगा ना.

मडगाव_किचन
ट्रायलबद्दल बोला कोणीतरी. ऑक्टोबरात सीझन उघडला की कळंगुट-बागा पट्ट्यात 'ट्रायलला ये' हा धंदाच होतो. मला रविवारी बोलावून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला बसवलं. एक क्रेट संपला की दुसरा. काटे लागून बोटं सोललेली, वर लिंबू-मीठ. दुपारचं स्टाफचं जेवणसुद्धा नाही. रात्री किचन बंद झाल्यावर शेफ म्हणाला, 'बघू.' आणखी दोन मुलं माझ्यासारखीच ट्रायलवर होती. तिघांपैकी कोणालाच घेतलं नाही. त्यांना त्या रविवारपुरते हात हवे होते.

पाचगणी_लॉज
ट्रायल न घेता कुक कसा ठेवायचा? बायोडेटात सगळ्यांनाच तंदूर येतं.

मडगाव_किचन
कांदा कापायला लावा, एक ग्रेव्ही करायला सांगा, तासाभरात कळतं. अख्खी सर्व्हिस काढून घेतलीत की ते काम झालं, आणि कामाची मजुरी द्यावी लागते. किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्येच आला. नाव 'ट्रायल' ठेवलं म्हणून मजुरी माफ होत नाही.

पाचगणी_लॉज
कायदा मला शिकवू नका. सात तारखेला पगार वाटून बघा एकदा, जुलैच्या पावसात, खोल्या रिकाम्या असताना!

बोटीवरचा
ट्रायलचं काय घेऊन बसलात, क्रूझच्या नावाने एजंट लाखांत मागतात. मुलांनो, पैसे मागितले की तिथूनच उठा. बोटीवरच्या भरतीसाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही, आणि एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारी जहाज खात्याचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स लागतं. आधी ते तपासा.

मडगाव_किचन
दादा, त्याचा वेगळा धागा काढा. इथे ट्रायलचं चाललंय.

दादरची_बॅच
आणि मुलींना काय विचारतात ते? 'लग्न कधी करणार?' 'नाइटला घरचे सोडतील का?' मी फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे रिसेप्शनच्या, मुलाखतीला गेले होते, कामाचा एक प्रश्न नाही. मी शिकले ते दादरचं आयएचएम, हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज, १९५४ पासूनचं. पाहुण्याच्या उजव्या बाजूने पाणी कसं ओतायचं, हे आमच्याकडून घोटून घेतलं. हॉटेलं पाहुण्याच्या वाईट रिव्ह्यूला त्याच दिवशी 'क्षमस्व' लिहितात. उमेदवाराच्या मेलला मात्र उत्तर नाही. म्हणजे येतं सगळं, द्यायचं नसतं.

पाचगणी_लॉज
ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. न घेतलेल्यांना कळवायला हवं, मीही कळवत नाही. पण न सांगता गायब होणं बरोबर, असं निदान कोणी म्हणू नका.

घाटावरचा_कॉमी
कोणी म्हटलंय? फोन बंद करणं चूकच. पण पगाराचा आकडा जाहिरातीत टाका, निम्मी मुलं आधीच नाही म्हणतील आणि तुमची कॉट अडणार नाही.

पाचगणी_लॉज
आकडा टाकला की शेजारचा पाचशे वाढवून माझी आहेत ती मुलंही नेतो.

घाटावरचा_कॉमी
म्हणजे तुम्ही कमी देताय, हे तुम्हालाही माहीत आहे.

मडगाव_किचन
आणि ट्रायलचे पैसे?

पाचगणी_लॉज
देईन. त्या दिवसाची पूर्ण हजेरी लावेन, जेवण आधीपासून देतोच. पण तंदूर येतं सांगून पहिलाच नान निखाऱ्यात पाडलात, तर वर गाडीभाडं मागू नका.