शेड नंबर तीन : पत्रा, रंग की फट?

टॉवेलवाला

परवा एका शब्दापायी आमचे सहा माग दोन तास बंद पडले, म्हणून विचारतोय.

अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघतो. गिऱ्हाइकाचा फोन आला, की तीन नंबरच्या रंगात मागच्या लॉटपेक्षा फरक दिसतोय, तो माल गाठीत घालू नका. मी गडबडीत ग्रुपवर टाकलं, 'शेड ३ चं काम थांबवा.' आमच्या जॉबरमामांनी, म्हणजे मागांची देखभाल बघणाऱ्यांनी, ते वाचलं आणि तिसऱ्या पत्र्याखालचे सगळे माग बंद केले. कामगार चहाला गेले. तिकडे ज्या रंगाचा माल थांबायला हवा होता त्याच्या गाठी निवांत बांधल्या जात होत्या. आमच्याकडे मजुरी पीसवर असते. दोन तास माग बंद म्हणजे कोणाच्या खिशाला चाट बसते, ते सोलापुरात सांगायला नको. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय की साहेब." लिहिलं होतंच.

आता प्रश्न. पत्र्याची शेड आणि रंगाची शेड हा इंग्रजीत एकच शब्द आहे का? मराठीत त्याचं लिंग कोणतं? मी स्वतः 'ते शेड' आणि 'ती शेड' दोन्ही बोलतो, कधी काय ते माझं मलाच कळत नाही.

जुना मास्तर

इंग्रजीत स्पेलिंग दोन आणि उच्चारही दोन. पत्र्याच्या शेडमधला ए आखूड आहे, रंगाच्या शेडमधला लांब, शेवटी किंचित 'इ'कडे वळणारा. देवनागरीत आपण दोन्हींना एकच मात्रा देतो. ही अडचण काही शेडपुरती नाही. वर्तमानपत्र आणि मिरी, दोन्हींचा आपल्याकडे 'पेपर' होतो. परीक्षा आणि चव, दोन्ही 'टेस्ट'. घड्याळातला सेल आणि दिवाळीचा सेल. चाळीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं आणि या आखूड-लांब एपुढे दर वर्षी हरलो.

बाकीचं रात्री लिहितो, कोश वरच्या फळीवर आहे.

साखर पेठ

मास्तर, हरलात ते मराठीत. आमच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगू लिपीत आखूड ए वेगळा आणि लांब ए वेगळा, दोन अक्षरं, दोन चिन्हं. कन्नडमध्येही तसंच. आमचे आजोबा शाळेत फारसे गेले नाहीत, पण त्यांच्या हिशेबाच्या वहीत पत्र्याची शेड आणि रंगाची शेड वेगवेगळी लिहिलेली असायची. टॉवेलवाल्यांनी तो मेसेज तेलुगूत टाकला असता तर माग चालू राहिले असते. अर्ध्या कारखान्याला वाचताही आला असता.

टॉवेलवाला

अण्णा, मला वाचता आला असता तर ना! पण हे लक्षातच आलं नव्हतं. शेजारी बसून रोज जेवतो, आणि तुमच्याकडे एक अक्षर जास्त आहे हे आज कळतंय.

मागवाला

तुम्ही दोनच शेड मोजताय. तिसरी विसरलात, आणि ती तर मागावरच आहे.

ज्यांनी माग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बीमवरून, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळावरून, उभे धागे येतात. त्यातले काही वर उचलले जातात, काही खाली राहतात, आणि मधे एक फट उघडते. त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. मग फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसवते. फट मिटते, आता दुसरे धागे वर जातात, नवी फट. फट उघडणं, धोटा फेकणं, फणी ठोकणं, या तीन हालचालींवर सगळं विणकाम उभं आहे, हातमाग असो की यंत्रमाग. त्या फटीचं इंग्रजी नाव शेड. स्पेलिंग पत्र्याच्या शेडचंच. यंत्रमागावर ही शेड मिनिटाला शंभराहून जास्त वेळा उघडते आणि मिटते. आपल्या चादरीवरची मोर-फुलं कुठून येतात? जकार्डवरून. साध्या मागावर धागे गटागटाने उचलले जातात, जकार्डवर हवा तो धागा हव्या त्या वेळी उचलता येतो, म्हणजे प्रत्येक वेळी फट वेगळ्या घडणीची. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ही युक्ती निघाली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर. पुठ्ठा सांगेल तशी शेड पडते, शेड पडेल तशी नक्षी.

तेव्हा 'शेडमध्ये शेड नीट पडत नाही म्हणून त्या शेडचा माल अडलाय' हे वाक्य सोलापुरात कुणीही बोलू शकतो. मी बोललोय.

जुना मास्तर

मागवाल्यांनी माझं काम सोपं केलं. कोश काढला. गंमत अशी आहे की इंग्रजी स्पेलिंग इथे चक्क दिशाभूल करतं.

रंगाची शेड आधी घेऊ. तिचा मूळ अर्थ सावली. उन्हाची तिरीप जिथे पोचत नाही ती जागा. त्यावरून अंधूकपणा, मग चित्रातला गडद भाग, मग रंगाची छटा, मग कशाचीही किंचितशी मात्रा. सावलीतूनच दिव्यावरचं झाकण आलं आणि उन्हाचा चष्माही.

पत्र्याची शेड, म्हणजे आडोसा, छप्पर, हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात दिसू लागतो, आणि तो बहुधा याच सावलीच्या शब्दाचा बोलीतला उच्चार आहे. सावली देणारी जागा ती शेड. म्हणजे जॉबरमामांनी पत्रा आणि रंग एकच समजले, ते फार चुकले म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच घरातले.

मागावरची शेड मात्र परक्या घरची. तिचं स्पेलिंग पत्र्यासारखं, पण मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'वेगळं करणं, विभागणं' अशा अर्थाच्या क्रियापदात. उभे धागे दोन भागांत विभागले जातात, म्हणून शेड. केसांच्या भांगालाही जुन्या इंग्रजीत हाच शब्द होता. आणि हे वाचून मी खुर्चीतून उठलो : या क्रियापदाचा धातू आणि संस्कृतातला छिद् हे एकाच मुळाचे. छेद, विच्छेद, छिन्न हे आपले शब्द मागावरच्या शेडचे चुलतभाऊ.

उलट 'छाया' आणि रंगाची शेड. अर्थ एक, सुरुवातीचा आवाजही जवळपास, त्यामुळे हे सख्खे असणार असं मी वर्गात बेधडक सांगत आलो. तसं नाही. छायेचं नातं ग्रीकमधल्या सावलीच्या शब्दाशी लागतं, शेडचं ग्रीकमधल्या अंधाराच्या शब्दाशी. दोन वेगळे धातू. ज्या विद्यार्थ्यांना हे चुकीचं सांगितलं त्यांनी माफ करावं.

मागवाला

भांग! मास्तर, आमच्या मागावर फणी आहेच. फणीच्या पुढ्यात धाग्यांचा भांग पडतो. इतकी वर्षं त्याला फट म्हणत आलो, आता भांगच म्हणतो.

चित्रकलेवाला

'शेडिंग' कुणीच घेतलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना दर शनिवारी वस्तुचित्र असतं. तांब्या, वांगं, चादरीची घडी. २००५ नंतरची ती वर्षं आठवा, रोज ठरल्या वेळी लाइट जायची. एकदा फळ्यावर लिहिलं, 'उद्या शेडिंग.' दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं गैरहजर. "सर, लाइट नसणार म्हणून आलो नाय."

त्या शेडिंगला सरकारी शब्द भारनियमन. चांगला घडवलाय, पण बोलण्यात लोडशेडिंगच राहिलं. माझा समज असा होता की अंधार पडतो म्हणून शेडिंग. मास्तरांच्या हिशेबाने ते मागाच्या शेडकडचं निघालं, भार वेगळा काढून टाकायचा म्हणून. बरोबर ना?

रंगाबद्दलही एक सांगतो. चित्रकलेत काटेकोर बोलायचं तर रंगात काळा मिसळला तर शेड, पांढरा मिसळला तर टिंट. कापडवाले मात्र गुलाबीलाही शेड म्हणतात, अबोलीलाही. त्यांचं शेडकार्ड म्हणजे नुसती रंगांची यादी.

टॉवेलवाला

सर, आमच्याकडे काळा-पांढरा कोण बघत बसतं? लॉटला लॉट मिळाला की झालं. तेही ट्यूबलाइटखाली मिळतं आणि उन्हात नेलं की दोन रंग वेगळे दिसतात. म्हणून जुने रंगारी टॉवेल घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी जातात. उन्हाची तिरीप नको, पण दिवसाचा उजेड हवा. म्हणजे शेड बघायची ती सावलीतच.

जुना मास्तर

बरोबर, चित्रकलेवाले. लोडशेडिंगमध्ये सावली नाही, टाकून देणं आहे. 'वेगळं करणं' वरून 'अंगावेगळं करणं' आलं.

सांगोलेकर

आमच्या बागेत तर दोन्ही घराणी एकत्र नांदतात. रोपांवर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. ५० टक्क्यांची जाळी म्हटली की निम्मं ऊन अडतं. आणि डाळिंबाचा बहार धरताना आधी पाणी तोडून ताण देतो, मग पानगळ करतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्या पानगळीला इंग्रजीत तेच 'टाकून देणं'वालं क्रियापद असतं.

पोरगी दहावीला आहे, तिच्या गाइडात या क्रियापदाचा अर्थ 'गाळणे' एवढाच दिलाय. आणि खाली वाक्य सापाचं. पोरगी विचारते, "पप्पा, साप काय गाळतो?"

मराठीत बघा किती क्रियापदं लागतात. झाड पानं गाळतं. साप कात टाकतो. माणूस अश्रू ढाळतो. लढाईत रक्त सांडतं. म्हशीचे केस झडतात. वजन उतरवायचं आणि विषयावर प्रकाश टाकायचा. इंग्रजांचं एका शब्दात भागतं. आपल्यात 'रक्त ढाळलं' म्हटलं तर ऐकणाऱ्याला खटकतं. 'अश्रू टाकले' म्हटलं तर हसतातच.

जुना मास्तर

सांगोलेकर, हा परीक्षेला विचारावा असा भाग आहे. शब्दाला एक अर्थ पाठ करायचा नाही, कर्म बघून क्रियापद निवडायचं. लेकीला सांगा, गाइड बाजूला ठेव.

तुमच्याच विषयातला अजून एक. पाणलोट. त्याच्या इंग्रजी शब्दाच्या, वॉटरशेडच्या, शेपटीला हीच 'विभागणारी' शेड आहे, जर्मन शब्दावरून बेतलेली. मूळ अर्थ पाणी विभागणारी रेषा, म्हणजे डोंगराची धार. आपल्या जिल्ह्याच्या वर बालाघाटचे डोंगर आहेत, पलीकडचं पाणी गोदावरीला, अलीकडचं सीनेतून भीमेला. ती धार म्हणजे खरी ती शेड. अमेरिकेत मात्र तो शब्द धारेवरून घसरून खालच्या सगळ्या क्षेत्राला लागला, आणि आपलं पाणलोट क्षेत्र त्या अर्थाने आलं. धारेला आपण जलविभाजक म्हणतो.

शुद्धवादी

एवढी चर्चा कशासाठी? छपरी, छटा आणि फट. तीन सोपे मराठी शब्द आहेत. वापरा.

चित्रकलेवाला

साहेब, वर्गात 'छपरी' म्हणून बघा. आजच्या पोरांत ती शिवी आहे.

भाची, सध्या पुण्यात

टॉवेलवाले मामा, तुमचा मेसेज घरी सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या ऑफिसात अजून एक शेड आहे, ती कुणीच लिहिली नाही. मीटिंगमध्ये कुणी हसत हसत आडून बोललं, नाव न घेता, की म्हणतात 'शेड फेकली.' रंगवाली शेड. अमेरिकन बोलीतून आलंय.

मागवाला

त्याला आपल्यात टोमणा म्हणतात. तोही मारतातच, फेकत नाहीत.

टॉवेलवाला

सगळ्यांचे आभार. लिंगाबद्दल कुणी काही बोललं नाही, तेव्हा दोन दिवस कान देऊन ऐकलं. रंगाची ती नेहमी 'ती', कारण छटा ती. कुणीही 'ते शेड' म्हणत नाही. पत्र्याचं बेभरवशी आहे. बांधकामवाले आणि सरकारी योजनांचे कागद 'ते शेड' म्हणतात, गोठ्याचं शेड, शेळ्यांचं शेड. कामगार 'ती' म्हणतात, बहुतेक खोली ती म्हणून. मागावरचीही 'ती', फट ती म्हणून. मागवाले आता भांग म्हणणार, म्हणजे 'तो' होणार. माझ्या मते यात चूक-बरोबर करू नये. शब्द परका असला तरी आपण त्याला मनातल्या मराठी शब्दाचं लिंग देतो, आणि ज्याच्या मनात जो शब्द असेल तसं ते बदलतं.

शुद्धवादींचं निम्मं ऐकलं. ग्रुपवर आता शेड लिहायचं नाही असं ठरलं. जागेला 'पत्रा ३', रंगाला 'रंग ३'. जॉबरमामांनी मान डोलावली.

आज सकाळी त्यांचाच मेसेज आलाय : 'तीन नंबर उतरला.'

बीम उतरला, पत्रा उतरला की रंग उतरला, ते विचारायला फोन लावतोय. उचलत नाहीत.