मदत हवी आहे: टॅम्पातून निघावं का थांबावं, आणि ठरवायचं कधी?

आम्ही फ्लोरिडात टॅम्पाला झोन बी मध्ये (समुद्राचं पाणी घुसण्याच्या धोक्यानुसार, कोणी आधी घर सोडायचं यासाठी पाडलेल्या भागांपैकी एक), दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. चक्रीवादळ अजून क्युबाच्या खाली आहे, किनाऱ्याला लागायला साधारण तीन दिवस, आणि नकाशावर वादळाची संभाव्य वाट दाखवणारा कोन टॅम्पापासून पार नेपल्सपर्यंत पसरलाय, दर सहा तासांनी बुलेटिन आलं की मधली रेघ इकडची तिकडे. कोन फक्त वादळाच्या केंद्राचा असतो, वारा-पाऊस-पाणी त्याच्या बाहेरही जातं हे माहितीये, त्यामुळे रेघ खाली सरकली म्हणून खूश व्हायची सोय नाही. पण २०२२ ला इयान वादळ टॅम्पावर येणार येणार म्हणत शेवटी फोर्ट मायर्सकडे वळलं, आणि आधी टॅम्पा सोडून खाली गेलेले लोक तिकडेच सापडले, ते डोक्यातून जात नाही.

पेट्रोल फुल आहे, पाणी-कोरडा खाऊ-कॅश आहे. आईबाबा भारतातून आलेत, बाबांचं इन्सुलिन आहे त्यामुळे लाईट गेली तर बर्फाच्या डब्यावर किती दिवस काढणार? आमच्या झोनला निघायची ऑर्डर अजून नाही, आली तर निघणारच, तो प्रश्न नाही. ऑरलँडोचं हॉटेल बुक केलंय, उद्या संध्याकाळपर्यंत फुकट कॅन्सल होतं. पण २०२४ चं मिल्टन वादळ टॅम्पाच्या खाली सिएस्टा कीला लागून राज्य आडवं कापत गेलं, म्हणजे ऑरलँडोही सेफ म्हणता येत नाही. जॉर्जियाला जावं तर आय-७५ हायवेचं ट्रॅफिक, आणि आईला इतका वेळ गाडीत बसवत नाही.

इयान किंवा मिल्टनच्या वेळी जे इथे होते त्यांनी सांगा, ऑर्डरची वाट न बघता निघालात का, किती तास आधी, आणि ऑरलँडो का जॉर्जिया?